उजळीमावशीचा डबा

उजळीमावशीला दागिना दाखवताना माणसं आवाज उतरवत, डॉक्टरला दुखणं सांगावं तसा. जिन्याखालची तिची खोली इतकी अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की तिला पाय पोटाशी घ्यावे लागत. एक टेबल, एक शेगडी, मऊ फडकी आणि दात घासायचे जुने ब्रश, एवढाच संसार. नवरा गेल्यावर तिने काळवंडलेले दागिने उजळून द्यायचं काम धरलं. शिकवलं कुणी नाही, बिघडवत बिघडवत शिकली. पहिल्याच वर्षी एका बाईची कर्णफुलं राखेने घासघासून तिने वरचा मुलामा उडवला होता, आणि खालचं पितळ दात विचकून हसलं होतं. तेव्हापासून दागिन्याला हात लावण्याआधी ती विचारायची, "हा घालून काम काय करता?"

त्या सकाळी एक उंच, ताठ बाई आली. तिच्या मुलाचं लग्न ठरलेलं. होणाऱ्या सुनेला तिने चांदीची साखळी दिली होती, ती पंधरा दिवसांत शाईसारखी काळी पडली.

"पोरीच्या अंगातच काहीतरी रोग आहे," साखळी टेबलावर टाकत ती म्हणाली. "लपवलाय त्यांनी. आणि तिचा बाप उलट मलाच म्हणतो, चांदी खोटी! तुम्ही फक्त खरी की खोटी ते सांगा. खरी असली तर आजच सोयरीक मोडते."

मावशीने कडी न् कडी चष्म्याजवळ नेली. कुठेच पिवळं डोकावत नव्हतं. चांदी खरी होती. पण तेवढंच बोलावं तर एका पोरीचं लग्न मोडणार होतं.

"मुलगी काम काय करते?"

"इस्पितळाच्या खानावळीत आहे. रोज दोन-अडीचशे उकडलेली अंडी सोलते."

"मग रोग कोंबडीला विचारा!"

"थट्टा नको."

मावशीने समजावलं, अंड्यात गंधकाचा अंश असतो, त्याचा वारा लागला की खरी चांदी काळवंडते. रबराजवळ ठेवली तरी तेच. मावशीने डब्यात अंडी आणि आपल्याकडची चांदी ठेवून दाखवते म्हटलं, तरी बाई मानेना. "डबा तुमचा, चांदी तुमची. मला काय कळणार?"

"मग तुमची ही चांदीची अंगठी द्या."

बाई घुटमळली. वीस वर्षं बोटात रुतलेली अंगठी साबण लावून निघाली. मावशीने दोन अंडी कडक उकडली, कुस्करून डब्यात घातली, वर वाटीत अंगठी ठेवून झाकण लावलं. बाई डब्यावर हात ठेवून बसली.

"मी हलणार नाही."

"बसा की! फक्त डब्याला झोप लागली तर उठवू नका."

दुपारी काम सुटल्यावर मुलगी आली. मावशीनेच तिला निरोप धाडला होता. ती दाराशीच उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मावशीने झाकण काढलं. अंगठी तपकिरी झाली होती, कडेला पार काळी.

बाईने अंगठी उजेडात धरली. "म्हणजे मीही रोगीच की!"

मुलगी हसू दाबायला गेली, ते नाकातून निघालं.

मावशीने तिलाच कामाला लावलं. ताटलीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद, त्यावर मीठ, खाण्याचा सोडा आणि कढत पाणी. "साखळी आणि अंगठी कागदाला टेकू दे. चांदीला लागलेलं गंधक तो ओढून घेतो. घासायचं नाही." पाण्यातून अंड्याचा कुजका वास उठला आणि चांदी हळूहळू पहाटेसारखी उजळत गेली.

"मग हेही टाक त्यात," म्हणत बाईने हातातलं कडं काढलं.

मावशीचा हात मध्ये आला. "त्याला नको. ते नुसतं ओल्या फडक्याने टिपायचं, लगेच कोरडं करायचं."

कडं मुलीच्या हातात गेलं. आतल्या बाजूला, मनगट घासतं तिथे, मुलामा जाऊन पितळ उघडं पडलं होतं. मुलीने ते पाहिलं. ती पाहतेय हे बाईनेही पाहिलं. बापाने खोट्या चांदीचा आळ घेतला होता. आता बाईला खजील करायला मुलीचा एक शब्द पुरला असता.

मुलीने फडकं ओलं केलं, कडं हलकेच टिपलं, कोरडं केलं आणि बाईच्या मनगटात चढवलं. "हे छान दिसतं तुमच्या हातात, काकू."

 बाईने साखळी उचलून मुलीच्या ओंजळीत ठेवली.

"कामावर जाताना काढून ठेवत जा गं. आणि तुझ्या वडिलांना सांग, रविवारी मी येतेय. भांडायला नाही."