ओतेगेनची धुरी

नाव: ओतेगेन. वय: सत्तरीपलीकडे. वास्तव्य: तलास नदीकाठ. व्यवसाय: कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ठेवायच्या घोड्याच्या कातड्याच्या पिशव्या शिवणे. धूम्रपान: सोडलेले. प्रकृती: रक्तवाहिन्या सदोष. मेंढीची चरबी: वर्ज्य. वर्तन: आज्ञाधारक.

ही नोंद दवाखान्यात राइखान डॉक्टरीणबाईंनी केली, तेव्हा त्या नुसत्याच डॉक्टर होत्या. पुढे त्यांच्या मुलानं ओतेगेनच्या धाकटीला, मेरुएर्तला, मागणी घातली आणि पंचाईत झाली. सोयरीक पक्की करायची तर व्याह्यांनी एकमेकांना मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी भरवायची. घास नाकारला की सोयरीक मोडली. गाव यात कुणाची प्रकृती बघत नाही.

ओतेगेन मात्र निर्धास्त होता. बाईंनी त्याला समजावलं होतं की नस म्हणजे गाळ साचून तुंबणारा नळ नव्हे. तिचं आतलं अस्तर सैल पडतं, रक्तातली चरबी त्यातून भिंतीत झिरपते, तिथंच अडकते, मग भिंत सुजते आणि फुगवटा धरते.

झिरपणं! त्यात तर त्याचा जन्म गेला होता. नवी पिशवी झिरपतेच. झुडपं जाळून तिला धुरी दिली की कातड्याची छिद्रं बुजतात. म्हणून सोडलेली सिगारेट त्यानं औषध म्हणून पुन्हा धरली. तबेल्यामागं, रोज, पथ्य पाळल्यासारखी.

बायकोनं, कुल्याशनं, पकडलं. "अहो, हे काय चाललंय?"

"आतून धुरी देतोय."

"आधी डोक्याला द्या. गळती तिथं आहे."

सोयरिकीच्या दिवशी राइखानबाई चरबीचा घास घेऊन पुढं आल्या आणि त्यांचा हात त्याच्या मिशीपाशीच थांबला.

"व्याही, धुराचा वास येतोय."

मेरुएर्तचा चेहरा उतरला. ओतेगेननं खालच्या आवाजात आपलं शास्त्र सांगितलं.

"अहो, पिशवीचं कातडं मेलेलं असतं! तुमची नस अजून जिवंत आहे. धुरानं तिचं अस्तर आणखी सैल होतं. चरबीला तुम्ही दार उघडून 'या, बसा' म्हणत होतात!"

"मग घासाचं काय?" कुल्याशनं विचारलं.

"आधी खिसा रिकामा."

सिगारेटचं पाकीट बाईंच्या पर्समध्ये गेलं. त्यांनी सुरी मागवली, तुकडा कापला, पुन्हा कापला, पाहुणे माना उंचावून बघेपर्यंत कापला, आणि मग भरवला. कुल्याशनं रिवाजाप्रमाणे पाहुण्यांवर मूठमूठ गोळ्या-चॉकलेटं उधळली. मेरुएर्त हसली. सोयरीक झाली.

दवाखान्यातली नोंद आजही तशीच आहे: चरबी वर्ज्य, वर्तन आज्ञाधारक. तुकडा वाटाण्यापेक्षा लहान होता, आणि ओतेगेननं तो न गिळता संध्याकाळपर्यंत गालात धरून ठेवला होता.