चिमूटभर जास्त

प्रयोगशाळेत सगळे त्यांना आचारी म्हणत. जिवाणूंचं जेवण तेच शिजवत. पाणी, साखर, थोडे क्षार, आणि यीस्टचा अर्क. एकतीस वर्षं हाताला चव होती.

संशोधक मुलगी तेवढी त्यांना मामा म्हणे. तिचे जिवाणू हे जेवण खाऊन, साखरेपासून एक चिकट पदार्थ बनवत. तो झाला की नाही, हे मामा तारेवरून ओळखत. काचेची कांडी बुडवायची, वर उचलायची. पाकासारखी तार सुटली की काम फत्ते.

महिनाभर तार सुटत नव्हती.

"मामा, जिवाणूच बिघडलेत," मुलगी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आज सगळे फेकते. साठवणीतलेसुद्धा. तीन वर्षं पाण्यात."

महिन्यापासून त्यांना तराजूवरचे आकडे धूसर दिसत होते. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निवृत्तीपर्यंतचे आठ महिने बाटल्या धुण्यात गेले असते. अर्क कमी पडू नये म्हणून ते वर एक चिमूट टाकत.

मुलीनं पहिली बाटली उचलली.

"थांब पोरी. माझे डोळे अधू झालेत. अर्क अंदाजानं पडतोय. चिमूटभर जास्तच."

"जास्त? कमी नाही ना?"

"कमी कसा घालीन? उपाशी मारू त्यांना?"

ती बघतच राहिली. मग खो खो हसत सुटली.

"अहो मामा, लागतो जेमतेम अर्धा ग्रॅम! तुमच्या चिमटीनं दुप्पट झाला. लाडावून ठेवलेत तुम्ही त्यांना. अर्क भरपूर मिळाला की हे नुसता वंश वाढवतात. अर्क संपला आणि साखर उरली, तरच चिकट काम करतात."

मामांनी अर्काची बरणी बंद केली. "प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगशील?"

"सांगावंच लागेल."

ती गेली. पाच मिनिटांत परत आली.

"ओरडल्या. म्हणाल्या, आधी डोळे दाखवून या. तोवर आकडे मी वाचायचे, शिजवायचं तुम्ही. ही खोली तुमचीच."

तिनं आकडे वाचले. मामांनी चिमूट आवरली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कांडी बुडवून वर उचलली.

"सुटली का गं?"

"दिसत नाही तुम्हाला?"

"नाही. पण कांडी ओढ घेतेय."

"वीतभर सुटलीय, मामा! हलू नका."

मामा हलले नाहीत.