सूर्यास्तानंतर न जेवणारा मासा

खाऱ्या पाण्याच्या टाकीचं एक असतं, झाकणावर मीठ साचतं. आज पुसलं तरी काही दिवसांत पुन्हा पांढरा थर! किस्स्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण चार खानदेशी माणसं समुद्रातले मासे घरात पाळायला लागली की किस्से आपोआप साचतात. मधूनमधून पुसून घेतलेले बरे, म्हणून सांगतो.

आमचा ग्रुप चौघांचा. जळगावचे प्रकाशशेठ, कापडाचं दुकान. फैजपूरचे आबा, केळीची बाग आणि केळी पिकवायचं चेंबर. धुळ्याचे नाना, मोटारसायकलींचं गॅरेज. आणि मी, पिंप्राळ्यात रक्त-लघवी तपासायची लॅब. ग्रुपचं नाव 'खारं पाणी'. समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर, त्यामुळे घरी येणारा पाहुणा टाकीसमोर उभा राहून हमखास दोनच प्रश्न विचारतो. "हा केवढा होतो?" आणि "खायला कसा लागतो?"

* * *

मे महिन्यात आमच्याकडे नळाला चहाचंच पाणी येतं. समुद्री माशाला असलं पाणी सोसत नाही. आम्ही बाकीचे बाटल्यांत बर्फ करून टाकीत सोडायचो आणि लाईट गेली की देवाचं नाव घ्यायचो. आबांनी ही भानगडच ठेवली नाही. टाकी उचलली आणि सरळ केळीच्या चेंबरमध्ये नेऊन मांडली. तिथे एसी आहे, जनरेटर आहे, आणखी काय पाहिजे!

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"भो, मासे हालत नाहीत. मेले नाहीत, पन हालत नाहीत."

"आबा, चेंबरचं टेम्परेचर किती आहे?"

"केळीले लागते तेवढंच. सतरा."

मी म्हटलं, आधी टाकी बाहेर काढा, आणि पाणी हळूहळू तापू द्या. आबा हो म्हणाले, पण फोन ठेवेनात. काहीतरी अडलं होतं. शेवटी विचारलंच.

"मले एक सांग, तो केळी पिकवायचा ग्यास लागला असीन, तर मासे पिवळे पडतीन का?"

मासे वाचले. पिवळे पडले नाहीत.

* * *

प्रकाशशेठ जैन, आणि घर कडक. त्यांच्या आईंना घरात सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून आम्हीही बाईच म्हणतो. बाई फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. गाळून झालं की फडकं उलटं धरतात, वरून अलगद पाणी सोडतात आणि त्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा पाण्यात पोहोचवतात. सूर्यास्तानंतर त्या घरात ताट मांडलं जात नाही.

अशा घराच्या हॉलमध्ये इंटिरियरवाल्याने टाकी बसवली. पहिले मासे आले त्या दिवशी मी तिथेच होतो. बाईंनी माशांच्या खाण्याचा डबा हातात घेतला, चष्मा चढवला, डबा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"यावर हिरवा ठिपका कुठे आहे?"

ठिपका नव्हता. तो डबा माझ्या घरी आला. शेठनी निव्वळ शेवाळाचा चुरा मागवला आणि त्यांचे क्लाउनफिश त्या दिवसापासून शाकाहारी झाले.

* * *

बाईंचा आणखी एक नेम आहे. पर्युषण संपलं की त्या ओळखीच्या प्रत्येकाला फोन करतात आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं. त्या वर्षी त्यांनी फैजपूरला आबांनाही फोन लावला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

आबा पार गडबडले. "अवं माय, तुम्ही माह्यं काय वाईट केलं?"

"तुमचे मासे गारठले ना, तेव्हा मी हसले होते."

आबा अजून आम्हाला विचारतात, "हसलो तर मी बी व्हतो. मी कोनाची माफी मागू?"

* * *

मग शेठ माल घ्यायला मुंबईला गेले आणि एका दुकानात त्यांनी मँडरिन पाहिला. बोटाएवढा मासा. निळ्याशार अंगावर नारिंगी-हिरव्या वळणांची नक्षी. कापडवाला माणूस, तिथेच विरघळला! ग्रुपवर फोटो पडला आणि खाली वाक्य: "ही डिझाईन सुरतेतसुद्धा नाही."

आम्ही तिघांनीही कळवलं, घेऊ नका. हा मासा फार नाजूक. डब्यातलं काही तोंडात घेत नाही. दगडांवर मिठाच्या कणाएवढे जिवंत किडे फिरत असतात, तेवढेच दिवसभर टिपून खातो. ते संपले की समोर पंचपक्वान्न मांडा, उपाशी मरेल पण शिवणार नाही.

शेठनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. म्हणजे मासा घेऊन झाला होता.

शेठना मालासाठी मुंबईतच थांबायचं होतं, म्हणून मासा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवला; ती सकाळी धुळ्याला थांबते. तिथून थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन नाना एसटीने जळगावला निघाले. पारोळ्याला बाजारातून परतणाऱ्या एक अक्का शेजारी येऊन बसल्या.

"भाऊ, डबामा काय शे?"

"मासा शे, अक्का."

"कितला किलो?"

"किलो नही. एकच शे, बोटएवढा."

अक्कांनी डब्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

"नवरदेवले बी कोनी इतलं जपीसन लई जात नही!"

* * *

शेठच्या टाकीत समुद्रातले दगड भरपूर, आणि त्यांवर ते किडे आपोआप वाढलेले. मासा आल्या दिवसापासून टिपायला लागला. बाई जपाची माळ घेऊन समोर बसायच्या. त्यांना तो मासा मनापासून आवडला.

"बिचारा दिवसभर दगड चाटतो. कोणाला काही त्रास नाही."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

पुढे बाईंना आणखी एक शोध लागला. दिवस मावळला की हा मासा दगडाच्या फटीत जाऊन निजतो आणि उजाडेपर्यंत कशालाही तोंड लावत नाही. मँडरिनची जातच तशी, दिवसा खाणारी. पण बाईंनी हे जैन स्थानकात, प्रवचनाला जमलेल्या बायकांना सांगितलं मात्र, आणि शेठच्या हॉलमध्ये बायकांची रीघ लागली! सूर्यास्तानंतर न जेवणारा मासा बघायला! एका आजींनी तर नातवाला काचेसमोर उभं केलं.

"बघ जरा. मासा असून पाळतो. आणि तुला रात्री दहाला नूडल्स लागतात!"

त्या दिवशी मी पंख्याकडेही बघू शकलो नाही.

* * *

थंडी पडायच्या सुमाराला बाईंनीच मला बोलावणं पाठवलं.

"याचं पोट पाठीला लागलंय. याला उपवास कोणी सांगितला?"

खरंच लागलं होतं. दगडांवरचे किडे संपत आले होते. मुंबईहून जिवंत किड्यांची बाटली मागवता येते, आणि शेठनी गुपचूप नानांना सांगून ती मागवलीही होती. पण घरात आणायची कशी, म्हणून ती धुळ्याला नानांकडेच थांबली होती.

"बेटा, खरं सांग. हा खातो काय?"

बाईंशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना. लॅबमधून मायक्रोस्कोप आणला, दगडावरचं थोडं खरवडून त्याचा थेंब काचेवर ठेवला. बाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"पळतायत," त्या म्हणाल्या. मग सावकाश सरळ बसल्या. "आमच्याकडे हे दुर्बिणीशिवाय माहीत होतं."

मी काचेवरचा थेंब परत टाकीत सोडला.

"दुसरं काहीच खात नाही?"

"नाही."

"परत पाठवला तर?"

"इतका अशक्त झालाय, धुळ्यापर्यंतसुद्धा पोहोचणार नाही."

"नुसता ठेवला, तर हा मरेल. खायला घातलं, तर ते मरतील."

"हो, बाई."

बाई उठून आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. माशासाठी वाटलंच, पण बाईंसाठी जास्त. आवडत्या जिवाचं असं कोडं कोणाच्या दारात येऊ नये.

दुसऱ्या दिवशी शेठनी ग्रुपवर लिहिलं, "बाई बोलत नाहीत. जेवल्याही नाहीत."

त्यावर आबांचा निरोप आला. "मासा आनि पाप, दोन्ही माह्याकडे पाठवा. या खेपी चेंबरमधी नाही ठेवत."

* * *

शेवटी बाटली लपवूनच आणायची ठरली, आणि नाना सकाळच्या एसटीने ती घेऊन आले. मी आणि शेठ स्टँडवर गेलो होतो. शेठनी बाटली शर्टच्या खोक्यात घातली, वर टिश्यूचा कागद दाबला आणि आम्ही तिघं घरी पोहोचलो. बाई दारातच बसलेल्या.

"शर्ट आणलाय," शेठ म्हणाले.

"कापडाच्या घरात जन्मलास, शर्टचं खोकं कधी दोन्ही हातांनी धरलंयस? उघड."

शेठनी उघडलं. बाईंनी बाटली उजेडाकडे धरली. आत पांढरे कण नाचत होते. बाटली आपल्याच हातात ठेवून त्या आत गेल्या. नाना हळूच म्हणाले, "ग्यात बठ्ठा." मलाही वाटलं, गेलं सगळं.

बाई बाहेर आल्या, त्या पाणी गाळायचं फडकं आणि एक वाटी घेऊन. बाटलीतलं प्रवासाने खराब झालेलं पाणी त्यांनी फडक्यातून गाळलं. मग फडकं टाकीवर उलटं धरलं, वाटीने टाकीतलंच पाणी घेतलं आणि वरून अलगद सोडलं. रोज सकाळी सोडतात तसंच, एकही जीव फडक्याला चिकटून राहू नये इतक्या हलक्या हाताने. पांढरे कण पसरत पसरत दगडांवर उतरले. मासा फटीतून डोळे फिरवून बघत होता.

बाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. त्या कणांकडे पाहत हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्."

मग काचेवर बोटाने टकटक करून माशाला म्हणाल्या, "आता तूही म्हण. मग खा."

नानांनी हे सगळं ग्रुपवर लिहून टाकलं. आबा फैजपूरला फोन घेऊनच बसले होते. लगेच विचारलं, "मंग? म्हनला का?"

शेठचं उत्तर थोड्या वेळाने आलं.

"बाई सांगतात, म्हणाला. तोंड हलत होतं."