अकोल्याला खंडव्यावरून

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कॉल कोणत्या गावावरून न्यायचा, यावर आमच्या सुपरवायझर बाईंचा एकच मंत्र: मधली गावं कमी, तो रस्ता चांगला. मला मुळीच पटत नसे. अहो, जवळची लाइन मेलेली असेल तर तिला काय ओवाळायचं? कुठली लाइन जिवंत आहे हे गावोगावच्या ऑपरेटर एकमेकींना सांगत, आणि त्या ऐकीव बातम्यांवर आमचा सगळा कारभार चाले.

त्या दिवशी अकोल्याचा कॉल होता तो माझ्याच लग्नाचा. मुलगा मला फार आवडला होता. पण होकार कळवायला बाबांनी चार दिवस घोळ घातला, आणि आता तीनपर्यंत निरोप गेला नाही तर ती मंडळी वाशीमची मुलगी बघायला निघणार होती. बाबांनी धरमपेठेतल्या पोस्टातून कॉल लावला, तोही मुद्दाम माझ्या ड्यूटीत. अडीच वाजले होते.

अकोल्याची सरळ लाइन बंद. अमरावतीला विचारलं. "भुसावळवरून लागते म्हणे," असं म्हणून तिनं तिकडे जोडून दिलं. भुसावळवालीनं सकाळीच ऐकलं होतं की नागपूरहून अकोला छान लागतं. तिनं नागपूर जोडलं. माझ्याच बोर्डावर दिवा लागला! "नागपूर, बोला," मी म्हटलं, आणि माझाच आवाज माझ्या कानात आला.

"अवं, हे तर तूच बोलून राहिली!" बाबा ओरडले. "अकोला कुठी हाय?"

पावणेतीन. मग मी इटारसी धरली, इटारसीनं खंडवा, खंडव्यानं अकोला.

"एवढ्याशा अकोल्यासाठी हा द्राविडी प्राणायाम?" सुपरवायझर बाई मागून कडाडल्या.

"बाई, नंतर रागवा!"

लाइन लागली. फोनवर मुलगा स्वतःच होता.

"आमच्याकडून हो समजा," बाबा म्हणाले.

"मुलीला विचारलंत का?"

"तिले काय विचाराचं?"

खरंच, मला कोणी विचारलंच नव्हतं. ऑपरेटरनं मधे बोलायला सक्त मनाई होती. मी बोर्डावरची बोलायची किल्ली दाबली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलगी तयार आहे."

"तू काहून मधात बोलून राहिली वं?" बाबा गरजले.

"बधाई हो!" इटारसीवाली लाइनवरच होती मेली.

अकोल्याहून तो म्हणाला, "आता नीट ऐकू आलं."