ओव्याचं पाणी

धारच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई होत्या, पाद्र्यांची लेक. मधल्या सुट्टीत एकदा म्हणाल्या, "एकुलता मुलगा गेलेली विधवा पाहून येशूला कळवळा आला, असं आपण वाचतो. पण मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय. आतडी पिळवटली, असंच म्हणायला हवं."

मी तेव्हा अतिशहाणी! म्हणाले, "मग त्यांना ओवा द्यायचा की हो!" सगळ्या हसल्या. दिवसभर मी स्वतःच्याच विनोदावर खूश होते.

यंदा पीथमपूरहून घरी येताना माझा मुलगा अपघातात गेला. एकुलताच. कळल्यावर त्या बाई देवासला माझ्या घरी आल्या. मला पाहिलं आणि दारातच पोट धरून वाकल्या.

माझ्या लेकीची लेक जवळच होती, हिंदी शाळेत शिकलेली. घाबरून म्हणाली, "आजी, यांचं पेट दुखतंय! अजवाइन देऊ?" आणि धावत जाऊन ओव्याचं पाणी घेऊन आलीसुद्धा.

बाईंनी पेला घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"आला हो तुमचा ओवा," म्हणाल्या.

"सगळा पिऊ नका," मी म्हटलं. "अर्धा मला ठेवा."