तीन दिवसांची तुळस

मुखेडला आमच्या शेजारी उर्दूचे मास्तर राहत. त्यांची बायको म्हणजे आमची चाची. तिने आईला लिंबाच्या वासाच्या सब्ज्याचं बी दिलं. आईने ते मागच्या अंगणात, मोरीजवळ, रॉकेलच्या फुटक्या डब्यात लावलं. दिसायला थेट तुळस. पान चुरडलं की लिंबू. डाळ चुलीवरून उतरल्यावरच पानं घालायची, उकळली तर वास उडतो, हे चाचीनेच शिकवलं. झाड भरायला हवं तर तुरे येऊ द्यायचे नाहीत, शेंडे खुडत राहायचं. म्हणून बुटक्या भिंतीवरून हात घालून तीही मूठभर नेत असे.

त्या वर्षी माझी गावातली शाळा संपली. पुढे शिकायचं तर नांदेड, आणि तिथे माझ्यासारख्या मुलीने राहायचं ते फक्त आत्याच्या घरी. ठेवून घ्यायचं की नाही ते बघायला आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा.

पहिल्याच सकाळी ती मागे गेली आणि ओरडली, “अगं, तुळस मोरीपाशी? काही लाज हाय का न्हाई?”

आईने तोंड उघडेपर्यंत डबा पुढच्या ओट्यावर गेला होता. आत्याने त्याला हळदकुंकू वाहिलं, वाकून वास घेतला. “सुवासाची हाय गं! आमच्या नांदेडात न्हाई अशी.”

आई गप्प. मी आईकडे बघून गप्प. वडील तर हसू येईल या भीतीने तीन दिवस कचेरीत लवकर पळाले. आत्या रोज पाच फेऱ्या घालायची आणि मलाही मागून फिरवायची. डाळ बिनपानांची होऊ लागली.

चौथ्या दिवशी चाचीने भिंतीवरून हात घातला. डबा सापडेना, म्हणून ती फिरून दारातून आली, ओट्यावरचा डबा बघून खूश झाली आणि पटापटा शेंडे खुडू लागली.

“अगं अगं! तुळस ओरबाडते ही!” आत्या धावली.

“तुळस कायकी आपा? दाल में डालने का पत्ता है,” चाची म्हणाली आणि मूठ आत्याच्या नाकापुढे धरली.

आत्याने पान चुरडलं, आईकडे बघितलं. “तुला ठाऊक होतं?”

“होतं, वन्सं.”

“आन् मला भाजीभोवती फिरू दिलंस?”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्ही रागावल्या तर पोरीचं शिक्षण जाईल, म्हणून बोलले न्हाई.”

आत्याने पदर तोंडाला लावला. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. “पंधरा फेऱ्या! कंबर मोडली की गं माझी!”

दुपारी तिने पानं घातलेली डाळ मागून घेतली, दुसऱ्यांदाही घेतली. हात धुताना आईला म्हणाली, “पोरीला पाठव. पण माझ्या घरात असं गप्प बसायचं न्हाई, चुकलं तर तोंडावर सांगायचं, हे तिला सांगून पाठव.”

आईला मला ते सांगावं लागलं नाही. मी तिथेच उभी होते, आणि “हो आत्या” असं इतक्या मोठ्याने म्हणाले की चाची भिंतीपलीकडून हसली.