शंभरातली कितवी

आमची शेजारीण ऊसतोडीला जायची. मजुरीचा हिशेब विचारायला आली की आधी कोयता आमच्या दाराच्या चौकटीत हाणायची आणि म्हणायची, "आधी आकडा सांगा, भाऊ. तोंड वाकडं मग करा." सोनपेठच्या आमच्या घराच्या चौकटीवर तिचे अकरा घाव आहेत. मी मोजलेत.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. सगळे तिला भितात, आणि अडचणीत पहिली हाक तिलाच मारतात. उसाच्या फडात मुकादमानं एका पोरीचा हात धरला, तेव्हा हिनं त्याची दोन बोटं मोडली. "दोनच का गं?" मी विचारलं.

"दोनच घावली."

तिच्या छातीत गाठ निघाली. परभणीला ऑपरेशन झालं. काढलेली गाठ औषधाच्या पाण्यात घालून डॉक्टरांनी बरणी नवऱ्याकडे दिली. लॅबमध्ये पोचवायची होती. गाठीत कोणती प्रथिनं आहेत, यावर औषध ठरणार होतं आणि बाई किती तगेल त्याचा अंदाजही.

नवरा बरणी घेऊन गावी आला. गाठ गोदावरीच्या काठी पुरली, हळदकुंकू वाहिलं आणि बरणी धुऊन घरी आणली.

सहाव्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आली. "रिपोट कुठंय?"

"बाईमाणसाचं मांस परक्याच्या हाती कसं द्यावं? मातीला दिलं."

"मुडद्या, मांस माझं! मला इचारलंस?" तीच बरणी तिनं त्याच्या कपाळावर फोडली. मी मध्ये पडलो. माझ्या सदऱ्यावर दोघांचं रक्त. त्याला सात टाके पडले. तिचे उसवले, ते नऊ पुन्हा घातले.

पहिल्या तपासणीत सुईनं काढलेला कण लॅबनं मेणात जपला होता. तो शोधून रिपोर्ट यायला तेवीस दिवस गेले. इंग्रजी वाचायला मी सोबत होतो. एक प्रथिन फार जोरात होतं. डॉक्टर म्हणाले, "अशी गाठ झपाट्यानं पसरते. पण याच प्रथिनावर मारा करणारं इंजेक्शन आहे."

"शंभरात किती बाया जगत्यात?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला.

"आन् त्या शंभरात मी कितवी?"

डॉक्टरांनी इंजेक्शनच्या तारखा लिहून दिल्या. मी त्या तिला वाचून दाखवल्या.

तिनं एकही इंजेक्शन चुकवलं नाही. तरी दुसऱ्या वर्षी आजार यकृतात उतरला. कोयता उचलवेना, तेव्हा चौकटीवर मूठ आपटायची.

तिचं तेरावं झाल्यावर नवरा आला. "भाऊ, आकडा सांगा. त्या तेवीस दिसांच्या उशिरापायीच गेली का ती?"

मी सगळे कागद पुन्हा काढले. पानन् पान पाहिलं. तो आकडा कुठेच नव्हता. तसं त्याला सांगितलं.

त्यानं चौकटीवरचे घाव बोटांनी चाचपले, आणि त्यांच्यावरच कपाळ हाणलं. कपाळावरची टाक्यांची जुनी रेघ उघडली.

चौकटीवरचा तो डाग मी पुसलेला नाही.